पत्रकावरची नागमोडी रेघ

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्यात पाचव्या गल्लीतल्या एका छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायचे. ट्रेडल मशीनवर छपाई सुरू करताना पहिले काही कागद वाकडे निघतात, शाई कुठे जास्त कुठे कमी बसते. ते वाया गेलेले कागद आबा घरी आणायचे. आई त्यांना खळ लावून भिंतीवर चिकटवायची, म्हणजे माती झडत नाही. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं असायची. मी अडखळत वाचलेलं पहिलं वाक्य ‘मतदार बंधूंनो आणि भगिनींनो’ हे होतं. तो कागद भिंतीवर उलटा चिकटला होता, म्हणून मान वाकडी करून वाचलं होतं.

छापखान्यातून आल्यावर चूल पेटेपर्यंतच्या वेळात आबा एक पत्रक माझ्यापुढे टाकायचे आणि कानावरची पेन्सिल काढून द्यायचे.

“चल, हा माणूस तुला कुठे धरतोय ते दाखव.”

आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. उपमा, रूपक, कुठलंही नटवलेलं बोलणं दिसलं की त्याभोवती गोल. काय झालं, कुठे झालं, कोणी पाहिलं असा पुरावा दिला असेल तर सरळ रेघ. ‘मी कोण आहे ते बघा आणि माझ्यावर भरवसा ठेवा’ असं बोलणं असेल तिथे चौकोन, कारण तिथे माणूस आपली पत पुढे करतो. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातला असेल तिथे नागमोडी रेघ. आणि भीती घातली असेल तर त्या नागमोडी रेघेखाली एक काळा ठिपका.

‘तुमच्या सेवेत चंदनासारखा झिजलेला उमेदवार’ : गोल. ‘मीही शेतकऱ्याच्याच पोटी जन्मलो’ : चौकोन. एकदा देवीचं पत्रक आलं. अशाच शंभर प्रती छापून वाटा, नाहीतर घरात वाईट घडेल, अमुक गावच्या व्यापाऱ्याने कागद फाडला आणि आठव्या दिवशी त्याचा मुलगा गेला, वगैरे. त्यावर मी इतके काळे ठिपके दिले की आई म्हणाली, कागदाला देवी आल्या. आबा हसले नाहीत. म्हणाले, “व्यापाऱ्याचं गाव दिलंय, म्हणून तू तिथे सरळ रेघ मारलीस. गाव दिलं म्हणजे पुरावा होतो का? तिथे जाऊन विचारता येईल असं काय आहे त्यात?” मी रेघ खोडली.

सगळ्या खुणा करून झाल्या की ते कागद हातभर लांब धरायचे आणि सरळ रेघा शोधायचे. बहुतेक वेळा एकही नसायची. मग म्हणायचे, “जेवायला बसा. ह्यात काही नाही.”

पण नागमोडी रेघ म्हणजे खोटं, असं त्यांनी कधी शिकवलं नाही. आमच्या वस्तीतली जयंतीची पत्रकं तेच जुळवायचे, आणि त्यात ती रेघ मारायची म्हटली तर कागद अपुरा पडला असता. “माणूस काय दगड आहे?” ते म्हणायचे. “रडू येण्यासारखं असेल तर रडव. पण शेजारी एक तरी सरळ रेघ पाहिजे. नाहीतर नागमोडी रेघ माणसाला ओढत नेते आणि कुठे सोडणार ते सांगत नाही.”

त्यांचा आणखी एक नियम होता. एखाद्या माणसाबद्दल पत्रक असेल तर ते छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवायचं. त्याचं कारण एक शोकसभेचं पत्रक होतं. कोणीतरी वारलं होतं आणि पत्रकात लिहिलं होतं, ‘मागे निराधार पत्नी.’ दोन दिवसांनी ती बाई पांढऱ्या कपड्यात, ड्यूटीवरून थेट छापखान्यात आली. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होती. म्हणाली, “मला निराधार कोणी केलं? त्यांच्या आजारपणात घर मी चालवलं.” मालकाने आबांकडे बोट दाखवलं. आबांनी फक्त खिळे जुळवले होते. तरी त्यांनी हात जोडले. तेव्हापासून कोणी पत्रक घेऊन आलं की ते विचारायचे, “वाचून दाखवलं का?” लोकांना हे चमत्कारिक वाटायचं. मालकाला तर उशीर वाटायचा.

मी कॉलेजात गेले आणि मराठी घेतलं. तिथे अलंकार होते, पण ते सगळे चंद्र, कमळ आणि हरिणीच्या डोळ्यांचे. सर अतिशयोक्तीची व्याख्या फळ्यावर लिहीत होते तेव्हा मी उठून म्हणाले, “सर, उदाहरण म्हणून परवाचं निवडणुकीचं पत्रक घेऊ या का?” वर्ग हसला. सर म्हणाले, “बस खाली, पुढारीणबाई.” मला राग यायचा. ज्या अलंकाराने मतं घेतली जातात, माणसं कामावरून काढली जातात, तो ह्यांना दिसत नव्हता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला वाटायचं, मला सगळं दिसतं.

आमच्या वस्तीत दोन घरं सोडून एक बाई राहायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. नवरा नव्हता, एक नऊ वर्षांची मुलगी होती. सोनगीरच्या रस्त्याला एक जिनिंग होतं, तिथे कापसाच्या सीझनमध्ये अक्का जिनवर असायची. सरकी आणि रुई वेगळी करणारं ते मशीन. त्याच्या रुळांपुढे बसून हाताने कापूस ढकलायचा. रुळांना जाळी नव्हती. सीझन संपता संपता एका दुपारी तिचा उजवा हात आत ओढला गेला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

ती सिव्हिलमध्ये होती तेव्हा मी भेटायला गेले होते. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, डाव्या हाताला सलाईन. तिची मुलगी खाटेवर चढून तिला वरणभात भरवत होती. भात चमच्यावरून सांडत होता आणि मुलगी आईची हनुवटी फ्रॉकने पुसत होती. हे मी पाहिलं. हे खरं होतं.

आठ दिवसांनी सलाईन निघालं. महिन्याने अक्का घरी आली.

जिनिंगचा मुकादम माणूस बरा होता. तो घरी येऊन म्हणाला, “अक्का, जिनवर नाही जमायचं आता. पण दिवाळीनंतर निवडायला बस. डागी कापूस बाजूला काढायचा. तेवढं होईल ना?” अक्का म्हणाली होईल. आणि ते होण्यासाठी तिने पुढचे सगळे महिने तयारी केली. दुपारी दारात सूप घेऊन बसायची आणि डाव्या हाताने तांदूळ निवडायची. आपले संपले की शेजारणीचे मागून आणायची. गल्लीतल्या बायका चिडवायच्या, “अक्का, आते खडा बी निवडीसन खाशी का?” मग मुद्दाम आपले तांदूळ आणून द्यायच्या. वेणी घालायला ती एक टोक दातात धरायची. उरलेला अंगठा आणि करंगळी तिने चिमट्यासारखी वापरायला शिकून घेतली.

“डावा हात बी हातच शे ना, पोरी,” ती मला एकदा म्हणाली. “त्याले आजलगून कोनी काम सांगंच नही.”

ते एक काम तिला हवं होतं. दुसरं कुठलं मिळणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. लग्नकार्यात पोळ्या लाटायला तिला कोणी बोलावत नव्हतं. शेतात निंदायला गेली तर बाकीच्या बायका मुकाट तिची ओळ पुरी करून द्यायच्या आणि ते तिला सहन होत नव्हतं.

दिवाळीच्या आधी कामगार समितीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. सीझन सुरू होण्याआधी जिनिंगच्या मालकांवर मोर्चा न्यायचा होता. मागणी एकच, रुळांना जाळ्या बसवा. मागणी रास्त होती, आजही मी तिच्या बाजूने उभी राहीन. त्यांना पत्रक हवं होतं आणि मी लिहावं असं त्यांना वाटत होतं.

“असं लिही,” ते म्हणाले, “की वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. अक्काचंच लिही. नाव नको टाकू, पण कळलं पाहिजे.”

मी एका बैठकीत लिहिलं. माझा हात थांबत नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पत्रकांवर खुणा केल्या, आता माझं पत्रक निघणार होतं. ते असं होतं :

‘जिन नव्हे, राक्षसीण! तिला कापूस नको, हात हवेत! आमच्या एका भगिनीचा हात तिने गिळला. आज ती भगिनी जिवंत प्रेत होऊन खाटेवर पडली आहे. स्वतःच्या हाताने तिला घासही उचलवत नाही. नऊ वर्षांची लेक भरवते तेव्हा ती माउली जेवते. मालकहो, तुमचा घास तुमच्या घशाखाली उतरतो तरी कसा!’

खाली जाळीची मागणी, मोर्चाची वेळ आणि समितीचं नाव.

आबांनी कागद वाचला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, “उद्गारचिन्हं तीन आहेत. दोन देईन. खिळ्यांच्या केसमध्ये कमी आहेत.” मग कागद खाली ठेवून, “अक्काला वाचून दाखवलंस?”

मी म्हणाले, “हो.”

मी गेले होते तिच्याकडे. कागद माझ्या हातात होता. ती उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. डावा हात भराभर चालला होता, खडा दिसला की दोन बोटांत आणि बाहेर, खडा दिसला की बाहेर. तिने वर बघून विचारलं, “काय वं, कसाना कागद?” मी म्हणाले, “काही नाही, कॉलेजचा.” आणि परत आले. तिला ऐकवलं तर तिला रडू येईल, उगाच जखम उघडी कशाला करायची, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. तो हात समोर चालत असताना मला ते वाक्य वाचता आलं नसतं. आणि ते वाक्य मला सोडायचं नव्हतं. सगळ्या पत्रकात तेच सगळ्यात चांगलं उतरलं होतं.

पत्रक निघालं. मी स्वतः बसस्टँडवर, कापसाच्या बाजारात, गल्ल्यागल्ल्यांतून वाटलं. बायका एकमेकींना वाचून दाखवत होत्या आणि पदर डोळ्यांना लावत होत्या. एका म्हाताऱ्याने कागद घडी करून टोपीत ठेवला. मोर्चाला कधी नव्हेत इतक्या बायका आल्या. सेक्रेटरी भाषणात म्हणाले की लेखणी तलवार झाली आहे. मी मनातल्या मनात त्याभोवती गोल काढला आणि तरी खूश झाले. पंधरा दिवसांत त्या जिनिंगमध्ये आणि शेजारच्या आणखी एकात जाळ्या बसल्या. हेही सांगितलंच पाहिजे. त्या जाळ्या लोखंडी होत्या, खऱ्या होत्या. त्यांच्यामुळे कोणाकोणाचे हात राहिले असतील, ते मला कधी कळणार नाही.

सीझन सुरू झाला त्या सकाळी अक्का डबा घेऊन कामाला गेली. दुपारच्या आत परत आली. डबा उघडलेला नव्हता.

ती सरळ आमच्याकडे आली. त्या दिवशी आबांना सुट्टी होती. वस्तीत त्यांना सगळे नाना म्हणायचे. ती भिंतीला टेकून बसली, आईने दिलेलं पाणी प्याली आणि म्हणाली, “नाना, तुमनी पोरनी मनाबद्दल काय लिखेल शे, ते माले आयकनं शे.”

मग तिने काय झालं ते सांगितलं. मुकादमाने तिला निवडायच्या बायकांत बसवलं होतं. पहिला ढीग तिने निवडलाही. तेवढ्यात मॅनेजर आला. त्याने तिला उठवलं आणि मुकादमाला सगळ्यांसमोर विचारलं, “हिला कोणी बसवलं? हिच्याच लोकांनी छापलंय की हिला घास उचलवत नाही. मग कापूस कसा उचलते? उद्या हिला काही झालं तर पुन्हा कागद काढतील, प्रेताला कामाला जुंपलं म्हणून.” मुकादम खाली बघत राहिला. अक्काला कागदात काय आहे ते माहीत नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. वस्तीत सगळ्यांनी वाचलं होतं, पण तिच्या तोंडावर कोण म्हणणार?

मी भिंतीपाशी उभी होते. आबा म्हणाले, “वाच.”

मी वाचायला लागले. आबांनी पेन्सिल अक्काच्या डाव्या हातात दिली. “अक्का, ही वाचेल तिथे बोट ठेवेल. जे खरं नाही तिथे फुली मारा.”

“जिन नव्हे, राक्षसीण.”

अक्का म्हणाली, “जिन बिचारी काय करी? तिले काय डोया शेतस? जाळी नव्हती, इतलंच लिखनं व्हतं.” आणि फुली मारली.

“आज ती भगिनी जिवंत प्रेत होऊन...”

“मी मरेल शे का?” फुली.

“खाटेवर पडली आहे.”

ती हसली. खरंच हसली. “खाट? मना घरमा खाट कोठे शे, पोरी? बठ्ठा जलम जमीनवर झोपनी मी. तू माले खाट तरी दिधी.” तिथे तिने मोठी फुली मारली. आई तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

घासाचं वाक्य मी तोंडातल्या तोंडात वाचलं. आबा म्हणाले, “मोठ्याने.” मी पुन्हा वाचलं. अक्काने पेन्सिल कागदावर टेकवली, पण फुली मारली नाही.

“हाई खरं व्हतं,” ती म्हणाली. “आठ दिन. दवाखानामा. तू उनी व्हती तवय.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आठ दिननं तू जलमभरनं करी टाकं. माले काबर नही इचारं?”

मी म्हणाले, “तुझ्यासाठीच लिहिलं होतं, अक्का.”

“मनासाठे?” तिने पेन्सिल आबांना परत दिली. “माले ते वाचीसन दखाडंच नही. मनासाठे कसं?”

जाताना दारात थांबून तिने आणखी एक सांगितलं, आबांना नव्हे, आईला. शाळेत पोरं तिच्या मुलीला विचारतात, आज मायले घास भरावाले नही गयी का वं? मुलगी आता तिच्या शेजारी बसून जेवत नाही. ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. अक्काला आजपर्यंत कारण कळलं नव्हतं. आज कळलं.

ती गेल्यावर आबांनी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली आणि माझ्यापुढे टाकली. माझ्या पत्रकाचं पहिलं प्रूफ होतं. त्यावर त्यांच्या खुणा होत्या. गोल, गोल, आणि वरपासून खालपर्यंत नागमोडी रेघ. एकही सरळ नव्हती.

“मग तुम्ही छापलं का?” मी ओरडले. मला रागावायला कोणीतरी हवं होतं.

“मी विचारलं होतं. तू हो म्हणालीस,” आबा म्हणाले. “मी खुणा केल्या, पण तुझ्या ‘हो’वर चौकोन काढायचं मला सुचलं नाही. घरच्या माणसाच्या शब्दावर कोण खूण करतं?”

त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही.

मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एकही उपमा नव्हती. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी शाबूत आहेत. डावा हात पूर्ण शाबूत आहे. स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं स्वतः करते. वस्तीतल्या सात बायकांचे तांदूळ निवडून देते, त्यांना विचारावं. सीझनच्या पहिल्या दिवशी तिने निवडलेला ढीग मुकादमाने पाहिला आहे, त्याला विचारावं. आधीच्या पत्रकातला तिच्याविषयीचा मजकूर चुकीचा होता, तो तिला न विचारता लिहिला होता. निवडण्याचं काम तिला द्यावं.

ह्या वेळी मी आधी अक्काकडे गेले. तिने सगळं ऐकलं आणि एकच बदल सांगितला. सात नव्हे, सहा. सातवी मध्यंतरी शिंदखेड्याला राहायला गेली होती.

सेक्रेटरींनी ते वाचून परत दिलं. “ह्यात जीव नाही. आणि चुकीचं होतं असं आपणच छापायचं? जाळ्या बसल्यात आत्ताच. मालक म्हणतील, मग बाकीचंही खोटंच असेल.” त्यांचं बोलणं मला तेव्हा भ्याड वाटलं. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं आणि समिती सोडली. आता वाटतं, ते घाबरले होते हे खरं, पण त्यांची भीती खोटी नव्हती.

आबांनी काम सुटल्यावर थांबून स्वतः खिळे जुळवले आणि छापखान्याच्या मालकाच्या परवानगीने थोड्याच प्रती काढल्या. मी आणि अक्का जिनिंगच्या फाटकाशी गेलो. आम्हाला तासभर उभं केलं. फाटकातून रुईचे तंतू उडत बाहेर येत होते आणि अक्काच्या केसांवर बसत होते. ती ते एकेक डाव्या हाताने काढत होती.

मॅनेजर बाहेर आला. त्याने कागद उभ्या उभ्या वाचला. वाईट माणूस असेल असं मी धरून चालले होते, पण तो थकलेला, चष्मा नाकावर घसरलेला साधा माणूस होता. “हे चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “आधीचं कोणी लिहिलं होतं?”

“मीच.”

“हे?”

“हेही मीच.”

त्याने चष्मा वर सारला. “बाई, आधीच्या कागदावर आम्ही भरवसा ठेवला, जाळ्या बसवल्या. आता तुम्हीच म्हणता त्यात चुकीचं होतं. उद्या तिसरा आणाल. मालकांना मी कोणता दाखवू?”

मी मुकादमाला विचारा म्हणाले. सहा बायकांना विचारा म्हणाले. त्याने मान हलवली. जागा भरली आहे, पुढच्या सीझनला बघू, म्हणाला. कागद मात्र घडी करून खिशात ठेवला. परत येताना मी दोनदा बोलायला गेले तेव्हा अक्काने रस्त्याकडे बघत “चाल” एवढंच म्हटलं.

सगळ्या सरळ रेघा होत्या त्या कागदात. पण त्याखाली माझं नाव होतं, आणि त्याची पत मी पहिल्याच कागदात घालवली होती.

आता मी जळगावला एका दैनिकात प्रूफं तपासते. अपघाताच्या बातम्या येतात, आत्महत्यांच्या येतात. ‘मागे निराधार’, ‘संसार उघड्यावर’, ‘डोंगर कोसळला’. मी बातमीदाराला विचारते, कोणी सांगितलं उघड्यावर? ते वैतागतात. मला इथे दोन-तीन नावं पडली आहेत, त्यातलं एकही चांगलं नाही. कधी मजकूर बदलतो, बहुतेक वेळा बदलत नाही, कारण पान छपाईला सोडायची वेळ झालेली असते. मी स्वतः लिहायचं सोडलेलं नाही. ज्या गोष्टींचा तेव्हा राग होता त्यांचा आजही आहे. पण राग आला की हात भराभर चालतो, आणि तो तसा चालायला लागला की मला आता स्वतःची धास्ती वाटते.

अक्का त्या हिवाळ्यातच धुळं सोडून गेली. पिंपळनेरकडे तिचा भाऊ होता. त्याच्याकडे राहायचं तिने आयुष्यभर टाळलं होतं, कारण भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे नव्हते. आता दुसरं काही उरलं नव्हतं.

मी स्टँडवर गेले होते. तिने बोलावलं नव्हतं. सामान एका गोधडीत बांधलं होतं, गाठ ढिली झाली होती. मी पुढे वाकले तर ती म्हणाली, “राहू दे.” एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, आणि गाठ आवळली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “नानाले सांग, बरी शे.” मला काही सांगितलं नाही.

गाडी लागली. त्या दोघी खिडकीपाशी बसल्या. मुलगी आतल्या बाजूला होती. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून अक्काने फडक्यातली भाकरी मांडीवर सोडली, अंगठा-करंगळीत धरली, डाव्या हाताने तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली आणि मुलीपुढे धरला. मुलगी सकाळपासून उपाशी असावी. ती तोंड उघडून पुढे झाली. मग कोणी बघत तर नाही ना, म्हणून तिने बाहेर नजर टाकली.

तिला मी दिसले. तिने तोंड मिटलं.

अक्काने घास तसाच धरून ठेवला होता. गाडी वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत तो मला दिसत होता.